मालूची रानफुलं

रुग्णालयातून फोन आला तेव्हा मी मालूसाठी पेजेचा डबा भरत होतो. फोन ठेवून मी डब्याला झाकण लावलं, पिशवीत घातला आणि मग लक्षात आलं, की तो आता कुणाकडे न्यायचा नाही…

महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, "दादा, तुमची रानफुलं सोडू नका." पनवेलमधल्या बऱ्याच घरांत ती टांगलेली आहेत. सोनकी, तेरडा, रानहळद. खाली पेन्सिलीने माझी सही. ती चित्रं माझी नाहीत, माझ्या धाकट्या बहिणीची, मालूची आहेत.

नवरा गेल्यावर मालू खांदा कॉलनीत माझ्याकडे राहायला आली. कर्नाळ्याच्या पायथ्याशी ती फुलासमोर बसून रेखाटायची, घरी येऊन लिनोच्या मऊ, रबरासारख्या तुकड्यावर ते उलटं कोरायची. मी शाई लावायचो, कागद ठेवायचो आणि चमच्याच्या पाठीने घासायचो. बस्स, एवढंच. पहिल्या प्रदर्शनात चित्रकार कोण म्हणून विचारलं, तेव्हा मी माझं नाव सांगितलं.

"आणि माझं?" घरी आल्यावर तिने विचारलं.

"पुढच्या वेळी."

पुढे मी सगळ्यांना सांगत आलो, की तिलाच नाव नको होतं. ती तसं कधीच म्हणाली नव्हती. तिने पुन्हा विचारलं नाही, ते मी सोयीचं मानलं. चित्रं तिची होती हे दाखवायला कोरलेले तुकडेही उरलेले नाहीत. एकाच तुकड्यावरून आधी फिका रंग छापायचा, मग तेवढा भाग कोरून काढायचा, त्यावर गडद. चित्र पुरं होईतो तुकड्यावरचं फूल जवळजवळ संपलेलंच असतं.

या पावसाळ्यात ती लाल-पिवळ्या पाकळ्यांची कळलावी रेखाटत होती. वाटेवरची भाजीवाली म्हातारी ओरडली, "घरात नको नेव गो बाय, भांडणं लागतात!"

मालू हसली. "आमच्याकडे भांडणार कोण? दादा आठवड्याला चार शब्द बोलतो."

आता तेवढेही होत नाहीत.

पिवळा रंग छापून झाला आणि ती आजारी पडली. "लालसाठी आल्यावर कोरते," रुग्णालयात जाताना म्हणाली, "तू हात लावू नकोस हं."

काल मी गॅलरीतल्या दोरीवरचे ते कागद उतरवले. प्रत्येकाखाली तिचं पूर्ण नाव लिहिलं. सवयीने शेजारी पेन्सिल टेकलीच होती… उचलली. पाकळ्या पिवळ्याच आहेत.