डाव्या कोपऱ्यातली माणसं

शहापूरच्या आमच्या फोटो स्टुडिओत मेमरी कार्ड भरलं की रिकामं करता येतं. किस्से मात्र साठतच जातात. यंदाचे सगळे एका जुन्या वाइड लेन्सने दिले.

लेन्स मीच ऑनलाइन शोधली. रोलच्या जमान्यातली, तळहातात मावणारी. मुरबाडकडच्या एका लग्नाचं अंगण लहान आणि गोतावळा मोठा होता, म्हणून. आमचे मालक विलासदादा म्हणाले, "चांगली निघाली तर यापुढे लग्नं तू एकटी कर. नाहीतर ही परत, आणि तू आपली अल्बम लावत बस." तेव्हापासून माझी झोप उडाली.

*

वाइड लेन्स तपासायला विटांच्या सरळ ओळी लागतात. आमच्याकडच्या भिंतींना गिलावा, म्हणून मी वीटभट्टीवर गेले. रचलेल्या थप्पीचे फोटो काढत होते, तोच मागून आवाज आला, "तहसीलमधून आल्या का मॅडम?" कॅमेरा हातातून सुटायचाच बाकी होता. "तपासणी करतेय," असं तोंडून गेलं. झालं! खुर्ची आली, चहा आला. फोटोत ओळी वाकड्या दिसत होत्या.

"थप्पी वाकडी आहे का हो?" मी विचारलं.

"हाय सरळच," भट्टीमालक म्हणाले. "पण तुमी वाकडी लिवलीत तरी आमी सही करतो."

*

समोरून ऊन आलं की लेन्स किती चकाकते, ते बघायला भातसानगरला धरणावर गेले. पहारेकरी काकांनी हटकलं. "धरणाचा फोटो नाय काढायचा."

"धरणाचा नाही काका, सूर्याचा."

त्यांनी वर पाहिलं. "तो शहापुरात नाय का?"

*

शेवटी नाक्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स सापडला. मध्ये भाऊ, भोवती पार कोपऱ्यांपर्यंत शुभेच्छुकांचे चेहरे. लेन्स तपासायला याहून चांगला तक्ता जपानातही नसेल. उजवीकडचे मिशीसकट स्पष्ट आले. डाव्या कोपऱ्यातले पुसट. त्यातलाच एक शुभेच्छुक नेमका माझ्या शेजारी उभा. स्क्रीन बघून म्हणाला, "मागल्या वर्षी पण आमीच पुसट होतो."

दादांनी फोटो बघितला. "डावा कोपरा गेलाय. दुसरी येईस्तोवर लग्न उरकेल. हीच घेऊन जा, तिकडे कुणाला उभं करू नकोस. आल्यावर परत पाठवू." आणि अल्बमचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. मला कळलं.

*

लग्नात ग्रुप फोटो लावताना भीतीने बोलून गेले, "डावीकडे जरा पुसट येतं हं."

नवरीचे वडील हळूच जवळ आले. "पोरी, माझ्या धाकट्या भावाला तिकडं ठेव. जमिनीवरून आमचं बोलणं नाय."

थोड्या वेळाने तो भाऊ आला. "आमच्या दादाला तिकडं उभा कर गो."

मला कुणालाच नाही म्हणता येत नाही. दोघांनाही तिकडे उभं केलं.

पुढच्या आठवड्यात नवरीचे वडील स्टुडिओत आले. विलासदादा लेन्स खोक्यात भरत होते. फोटोत सगळं गोत स्वच्छ आलेलं. डावीकडे फक्त दोन सारखे फेटे, दोन सारख्या मिशा, धुक्यात बुडाल्यासारख्या.

"यातला मी कुठला?" त्यांनी विचारलं.

दादांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. त्यांनाही सांगता येईना. मी माफी मागायला तोंड उघडलं.

नवरीच्या वडिलांनी दोन्ही फेट्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "दोन कॉप्या काढा. मोठ्या. एक धाकट्याची."

दादांनी लेन्स खोक्यातून बाहेर काढली.