कळप कुणाकडं दिला?

"खोटं हाय हे पुस्तक!" बिरूतात्या पडल्यापडल्या ओरडले आणि त्यांनी हात झटकला. लगेच मशिनचा अलार्म वाजायला लागला.

मी कोरेगावात डायलिसिस टेक्निशियन आहे. किडन्या निकामी झाल्या की रक्त बाहेर काढून मशिनमधून स्वच्छ करून परत शरीरात सोडावं लागतं. चार तास सुया टोचलेला हात हलवायचा नसतो. मी धावत गेलो, नळी सरळ केली.

"तात्या, हात! भांडायचं तर तोंडानं भांडा."

भांडण शेजारच्या बेडवरच्या रूथबाईंशी होतं. त्या मिरजेच्या रिटायर्ड नर्स, आता इथं मुलीकडे राहतात. लहानपणी शाळेच्या सुट्टीत चर्चच्या कपाटातल्या ख्रिस्ती कादंबऱ्या आणून वाचायच्या, ती उन्हाळ्याची सवय अजून सुटलेली नाही. अनाथ पोर, आजारी आई, शेवटी क्षमा. सगळी रडारड. मी चेष्टा केली की म्हणायच्या, "उन्हाळ्यात रडलेलं बरं, इम्तियाज. घामात खपून जातं."

यंदा युनिटचा टीव्ही बंद पडला आणि बाई मोठ्यानं वाचायला लागल्या. एका वेळी एकच प्रकरण. ऐन मोक्याला पुस्तक मिटणार! तात्या माणदेशातले मेंढपाळ, उन्हाळ्यात कळप घेऊन आमच्याकडच्या शेतांत उतरलेले. पूर्वी मशिनवर यायचं म्हणजे कपाळावर आठ्या. आता बेडवर चढायच्या आधीच विचारायचे, "बाई, त्या पोरीचं काय झालं वो?" मलाही तेच हवं असायचं, पण मी काम करतोय असं दाखवायचो.

त्या दिवशीच्या प्रकरणात घर सोडून गेलेल्या मुलीच्या बापाला पाद्री एक गोष्ट सांगतो. मेंढपाळ सगळा कळप डोंगरात सोडून एका हरवलेल्या कोकराला शोधायला जातो. बाईंचे डोळे भरून आले. तात्यांचं डोकं फिरलं.

"कळप कुणाकडं दिला त्यानं?"

"तसं लिहिलेलं नाही, तात्या. त्याची माया बघा ना."

"माया? आन् मागं लांडगा आला म्हंजी?"

मला हसू आवरेना. डायलिसिसचे आठवड्यातले वार ठरलेले असतात. पण पुढच्या वारी तात्या आलेच नाहीत. मुलाचा फोन बंद. त्याच्या पुढच्या वारीही बेड रिकामा. डायलिसिस चुकलं की रक्तात पोटॅशियम साठतं आणि हृदय कधीही बंद पडू शकतं. बाईंनी पुस्तक उघडलंच नाही. "माझ्यावर रुसले का रे?" एवढंच विचारत राहिल्या.

मी डॉक्टर मॅडमकडे गेलो. "मॅडम, तात्यांना बघून येऊ का?"

"पेशंट मशिनवर असताना टेक्निशियननं युनिट सोडायचं नाही. हे मी तुला सांगायचं?"

"सकाळच्या पाळीच्या सुनीताची ड्यूटी संपलीय, पण ती थांबते म्हणाली."

"मग हँडओव्हर देऊन जा. नीट."

हँडओव्हर म्हणजे कुणाचं बीपी पडतं, कुणाला काय जपायचं, हे सांगून पेशंट दुसऱ्याच्या ताब्यात देणं. मी सगळं सुनीताला समजावलं आणि गाडीला किक मारली.

गावाबाहेरच्या नांगरटीत कळप बसला होता. तात्या बाभळीखाली आडवे, तोंड सुजलेलं, श्वास वर लागलेला. मुलगा धुळा शेजारी हताश उभा.

"आवं तात्या, बाईंचा एवढा राग?"

"बाईंचा कशाला रं? मला दवाखान्यात आणाय ह्यो धुळा कळप सोडून येतुया. ती गोष्ट ऐकली त्याच्या आदल्या खेपंला लांडग्यानं दोन कोकरं नेली. माझ्या एकल्या म्हाताऱ्यापायी? न्हाई यायचो मी."

हा माणूस पुस्तकाशी भांडतच नव्हता, आणि मी तिथं उभा राहून हसलो होतो.

"धुळा इथंच थांबेल. इथून पुढं न्यायला-आणायला मी येतो."

तात्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "आन् तुझी माणसं? मशिनला जोडून तशीच टाकून आलास व्हय?"

"न्हाई. सुनीताच्या ताब्यात देऊन आलोय."

"समद्यांचं सांगितलंस?"

"एकेकाचं."

"मग चल."

मॅडमनी त्यांना मनसोक्त झापलं. पोटॅशियमचा आकडा बघून मला घाम फुटला. पण तात्या निभावले. तेव्हापासून मी ड्यूटीवर येताना त्यांच्या तळावरून येतो, वाट थोडी वाकडी पडते इतकंच.

पुढच्या वारी रूथबाईंनी तेच प्रकरण पुन्हा काढलं. मी त्यांचं बीपी घ्यायला शेजारीच उभा होतो.

"मेंढपाळानं कळप आपल्या भावाच्या ताब्यात दिला," बाई वाचत होत्या, "कुठली मेंढी लंगडते तेही सांगितलं, आणि मग तो कोकराला शोधायला निघाला."

"हां!" तात्या म्हणाले. "आता खरं वाटतंया."

मी वाकून पानात बघितलं. असलं वाक्य तिथं कुठंच नव्हतं. बाईंनी घाईघाईनं पान उलटलं. "तू माझं बीपी बघ," म्हणाल्या.

नव्या टेक्निशियनना मी आता सांगतो, पेशंटचा वार चुकला तर त्याच्या मागं घरी कोण आहे ते आधी विचारा. पोटॅशियम काय, रिपोर्टात दिसतंच.