उणे चाळीस अंशांचा उन्हाळा

त्या उन्हाळ्यात आमच्या गावात दोनच गोष्टींची वाट बघितली जायची, टँकरची आणि जिल्ह्याची. टँकर दहाव्या दिवशी का होईना यायचा. जिल्हा मात्र कायम 'येत्या पंधरवड्यात' असायचा. आमचा तालुका लातूरपासून वेगळा निघणार, मग कलेक्टर कचेरी कुठं होणार, यावर हॉटेलात भांडणं व्हायची. भांडून घसा कोरडा पडला की हॉटेलवाला सांगायचा, पाणी नाही, चहा घ्या.

मी तेव्हा बसस्टँडमागं गाड्यांच्या एसीचं आणि वायरिंगचं काम करायचो. नव्या जिल्ह्याच्या कृती समितीचे अध्यक्ष हे माझं सगळ्यात वजनदार गिऱ्हाईक. त्यांची गाडी नवीकोरी, बाहेरचं ऊन बघून स्वतःच गारवा ठरवणाऱ्या एसीची. एक दिवस ते पितळी अक्षरांची लाल पाटी घेऊन आले: 'अध्यक्ष, नियोजित जिल्हा'. जिल्हा झाल्यावर पाट्या करणाऱ्यांकडे गर्दी उसळेल, म्हणून त्यांनी आधीच करून घेतली होती. मोर्चा तासाभरावर आला होता. मी घाईघाईत पुढच्या बंपरला ड्रिलनं दोन भोकं पाडली, पाटी स्क्रूनं आवळून बसवली आणि मोर्चात घोषणाही देऊन आलो.

दोन दिवसांनी गाडी परत आली. एसीतून गरम हवा येत होती. आमच्याकडं एसी बिघडला की विचार करायचा नसतो, गॅस भरायचा असतो. मी भरला. चार दिवसांनी पुन्हा भरला. गाडीचा ड्रायव्हर, ज्याला सगळं गाव मामा म्हणायचं, मला म्हणाला, "मिस्त्री, पाटी लावल्यापासून हाय हे."

मी हसलो. पाटीचा आणि गार हवेचा काय संबंध, हे त्याला तोऱ्यात समजावून सांगितलं. पुढं अध्यक्षांनी मला फैलावर घेतलं, तेव्हा स्वतःची अब्रू वाचवायला मी सहज बोलून गेलो की ड्रायव्हरनं बटणांशी खेळ केला असेल.

अध्यक्षांनी ते सहज घेतलं नाही. समितीत दुसरा गट डोकं वर काढत होता, त्यामुळं त्यांना सगळीकडं घातपात दिसायचा. भर बैठकीत त्यांनी जाहीर केलं की ड्रायव्हर फितूर झाला, आणि मामाला घरी बसवलं. नऊ वर्षांची नोकरी. थोरली पोरगी लातूरला शिकवणीला ठेवलेली. तसल्या दुष्काळात दुसरं काम कुठून मिळणार होतं? मला अन्न गोड लागेना.

शेवटी नांदेडच्या एका ओळखीच्या मिस्त्रीकडून गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा स्कॅनर मागवला. हे मी आधीच करायला हवं होतं. गाडीला जोडला आणि आकडा वाचून डोळे चोळले. बाहेरचं तापमान, उणे चाळीस. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि गाडीचं ठाम मत होतं की बाहेर बर्फ पडतोय. एवढ्या थंडीत कॉम्प्रेसर कशाला चालवायचा, म्हणून तिनं तो बंदच ठेवला होता. मला हसू आलं. पण सरकारी कागदावर आमच्या गावात तेव्हा पाणी मुबलक होतं, त्यामुळं एकट्या गाडीला वेडी म्हणता येईना.

बाहेरची उष्णता मोजणारा सेन्सर पुढच्या जाळीमागं असतो, बोटाच्या पेराएवढा. त्याला दोन वायरी येतात. मी त्याचा सॉकेट काढला आणि त्या दोन वायरी तारेच्या तुकड्यानं एकमेकींना जोडल्या. वायरी धड असत्या तर आकडा एकदम वर चढून भट्टीची उष्णता दाखवायला हवा होता. तो उणे चाळीसवरून हलला नाही. म्हणजे सेन्सर निर्दोष होता, वायर मधेच कुठंतरी तुटली होती, आणि निरोपच पोचत नसल्यानं गाडी सगळ्यात खालचा आकडा धरून बसली होती. बंपर खोलला. पाटीच्या डाव्या स्क्रूपाशी वायर कापलेली होती.

भोक माझं होतं. मामा खरं बोलला होता आणि मी त्याच्याच पोटावर पाय दिला होता. लाज वाटली, अगदी मनापासून लाज वाटली.

तडक अध्यक्षांच्या घरी गेलो आणि सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "समितीपुढं मी त्याला फितूर म्हणलोय. आता माझी चूक झाली म्हणलो, तर जिल्ह्याचं कोण खरं मानंल? त्याला सांगा, माफी माग आन् कामावर ये." पाटी चार बोटं सरकवली तरी चालेल, पण काढायची नाही, हेही बजावलं.

हा निरोप मामाला मीच दिला. वायर कुणी कापली तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष समितीच्या माणसांना घेऊन गाडी न्यायला माझ्या दुकानात आले होते, तेव्हा तो आला आणि हात जोडून अध्यक्षांची माफी मागितली. अध्यक्षांनी मोठ्या मनानं माफ केलं. नेता असावा तर असा, म्हणून लोकांनी माना डोलावल्या. मी वायर जोडून, पाटी सरकवून, चिकटपट्टी हातात घेऊन बाजूला उभा होतो.

मामा गाडीत बसला, इंजिन चालू केलं. गार हवा आली. त्यानं काच खाली केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मिस्त्री, माझी माफी मागून झाली. तुमची कवा?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. अध्यक्षही.

"वायर पक्की जोडलीय, मामा," मी म्हणालो. "आता काही तरास होणार न्हाई."