भिलवडीच्या शाळवात उतरलेली पाहुणी

वरच्या बाया, म्हणजे आभाळातनं उतरणाऱ्या, आमच्या मुलखाला नव्या नाहीत. माझ्या लहानपणी एक कोरेगावाकडं उतरली होती. लोकांनी पाऊस, बैल, सासू असलं सगळं विचारून तिला भंडावून सोडलं. पण या खेपेला संक्रांतीनंतर एक भिलवडीला उतरली असं बाजारात कळलं, आणि माझी सून तानी भाकरी थापायची थांबली.

माझा शिरपा पलटणीत. लढाईवर गेला, आणि सहा महिन्यांमागं सरकारी कागद आला की सापडत नाही. मेला म्हणत नाहीत, जिता म्हणत नाहीत. माणूस काय दावणीचं सुटलेलं रेडकू आहे सापडायला? वरच्या बाईला खालचं सगळं दिसतं, आणि एका माणसाला एक गोष्ट ती सांगते. तानी म्हणाली, "आत्या, जाऊया." सहा महिन्यांत तिनं तोंडानं मागितलेली ही पहिली गोष्ट. आमच्या मालकांना गुरांवर ठेवलं आणि निघालो.

उंब्रजहून कऱ्हाडपर्यंत सर्व्हिस मोटार मिळते. पेट्रोल सगळं लढाईला गेलंय, म्हणून मोटारीच्या मागं कोळशाची भट्टी लावलीय. जरा चढ आला की उतरून चालायचं, आणि भाडं मात्र बसल्याचं द्यायचं. काजळी बसते, पांढरं लुगडं नेसून जाऊ नका. कऱ्हाडचं टेशन गावापासून लांब आहे, टांगेवाल्याशी आधी बोलून घ्या. भाकरी-ठेचा घरनंच न्या. फलाटावर चहा मिळतो तो गुळाचा, आणि कढून कढून काळा झालेला.

गाडीत निम्मं माणूस भिलवडीलाच निघालेलं. आमच्यासमोर एक जैन व्यापारी आणि त्यांची बायको. मी विचारलं काय विचारणार, तर ते खिडकीबाहेर बघायला लागले. बायकोच म्हणाली, "हळदीचा भाव इचारणार हैत. घरात लेक लग्नाची हाय, तिचं न्हाई." तानी हसली. लय दिवसांनी हसली.

त्या रात्री धर्मशाळेत पाठ टेकली आणि उजाडता नदीकाठच्या रानात गेलो. गर्दी असूनही गडबड नव्हती. माणसं बांधावर रांगेनं बसलेली, कुणी तंबाखू मळतंय, कुणी हुरडा खातंय. वरची बाई शाळवाच्या मधोमध बसलेली. रंग नव्या कांशासारखा, सावली नाही, आणि बसली होती तिथलं एक धाट मोडलेलं नव्हतं. मला वाटलं होतं बघून छाती दडपेल. तसं काही झालं नाही. दमलेली दिसली. माहेरी आलेल्या लेकीला गावानं बोलून बोलून दमवावं तशी.

रानाचा मालक बांधावर उभा होता. त्याला बाईचं कौतुक वेगळंच. म्हणाला, "ती आल्यापास्नं कणसावर पाखरू न्हाई. राखण वाचली बघा." मग रांगेतल्या सगळ्यांना सांगत फिरला की काही वाहू नका, बसा, इचारा, उठा.

मला ते खटकलं. सवाशीण दिसतेय, संक्रांतीचे दिवस, आणि रिकाम्या हातानं पुढ्यात बसायचं? याला काय कळतंय, म्हटलं. मी घरनं खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकवाची कुयरी असं सगळं बांधून आणलं होतं.

आमची पाळी आली. तानी पुढं सरकली, तोंड उघडलं. मी तिला हातानं मागं केलं. म्हटलं, "थांब गं, आधी रीत."

बाईला हळदकुंकू लावलं. कपाळ गार, रांजणासारखं. ओटी भरली. तिनं पदर पसरून नीट घेतली, आपल्या बायका घेतात तशी. मग ती उठली. वाकून माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "येते."

आणि माझ्या तोंडातनं सवयीनं गेलं, "ये हं, सावकाश जा."

ती गेली. पदरात माझा नारळ घेऊन वर वर गेली. खाली शाळू हलला नाही.

रांगेत साठ-सत्तर माणसं तरी असतील. कुणी शिवी दिली नाही, दिली असती तर बरं वाटलं असतं. रानाचा मालक तेवढा म्हणाला, "आवं आजी, हळदकुंकू लावून ओटी भरली म्हंजी बोळवण झाली. तिला आपली रीत ठावं हाय. म्हून तर सांगत हुतो." मी देवी म्हणून ओटी भरली, तिनं पाहुणी म्हणून घेतली. चूक तिची नव्हती.

परतीच्या गाडीत तानी भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. हळदवाले व्यापारी आपणहून दुसऱ्या डब्यात बसले. जाणार असाल तर ऐका, आधी विचारून घ्या, मान नंतर द्या. तुमच्या मोठेपणाची तिथं कुणी वाट बघत बसलेलं नसतं.

घरी पोचलो तर अंगणात सगळी आळी. आमच्या मालकांनी विचारलं, काय म्हणाली? मी तोंड उघडणार, एवढ्यात तानी डोक्यावरचं गाठोडं उतरवत म्हणाली, "जिता हाय म्हनाली."

मालक रडले. शेजारणींनी गूळ वाटला. सगळ्या गावाला वाटतं माझी जीभ कुणासमोर अडत नाही. त्या दिवशी अडली ती अजून अडलेलीच आहे. तानी माझी लाज राखायला खोटं बोलली, की तिला तसंच ऐकायचं होतं म्हणून, हे मी तिला विचारलेलं नाही. रोज सकाळी ती चुलीपुढं येऊन बसते, मी विस्तव फुंकते, आणि दोघी भाकरीचं बोलतो.