खांबाकडे पाठ

सोमवार, सकाळचे नऊ. हजर: ठाण्याचा प्रभारी म्हणून मी, शिवाय ठाणे अंमलदार आणि एक महिला हवालदार. समोर बाकावर गावच्या निवृत्त अंगणवाडी ताई आणि एक म्हातारे पाथरवट चाचा. टेबलावर एक पहार, एक वही. ती सकाळ मी विसरलेलो नाही, कारण चूक माझी होती.

गाव भोकरदन तालुक्यातलं. वेशीत जहागिरीच्या काळातला दगडी खांब, त्यावर जहागीरदाराचं नाव आणि कौतुक. त्याचे दगड वेठीने ओढून आणवले गेले आणि ओढताना सात माणसं चिरडून मेली, असं गाव सांगतं. त्यांचा खांबावर उल्लेख नाही. दरवर्षी खांबाला हार मात्र पडतो. त्या दिवशी तो कार्यक्रम अकराला होता.

आदल्या संध्याकाळी खबर आली. आमचा खबऱ्या कुस्तीचा शौकीन.

"साहेब, उद्या खांबाची पाठ लावून राह्यलेत. ताईच्या घरी पहार बी आणली."

कुस्तीत पाठ लावणं म्हणजे चीत करणं. मीही तोच अर्थ घेतला. सकाळी पहार ताब्यात, दोघं ठाण्यात.

"पहार कशाला?" मी विचारलं.

"वांगी भाजायला," ताई म्हणाल्या.

चाचा हसले. "साहब, पाथरवट हाय मी. तो खांब एका पहारीनं हलतो का?"

"मग खांबाची पाठ लावणार, ते काय?"

ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "लावणार न्हाई ओ, करणार! हार घालताना खांबाकडं पाठ करून उभं राहणार. कार्यक्रम संपेस्तोर. न बोलता."

महिला हवालदाराने वही उघडून माझ्यापुढे सरकवली. ताईंचं अक्षर: खांबाला हात लावायचा नाही. घोषणा नाही. कार्यक्रम अडवायचा नाही. कोणी ढकललं तर खाली बसायचं. पहार पाटीच्या खड्ड्यासाठी.

खड्डा ताईंच्या स्वतःच्या अंगणात, खांबासमोर. पाटी त्या सात जणांच्या नावांची. गुन्हा शोधून सापडेना. तरी मी म्हणालो, "वातावरण बिघडेल. आज घरी बसा."

"त्या सातांत माझा पणजा हाय," ताई म्हणाल्या. "माझा आजा, माझा बाप घरीच बसले. मी न्हाई बसणार. अटक करायची तर बराबर लिवा, पाठ केली म्हणून."

पेन हातात होतं. तसं कलम मला लिहिता येईना.

दहाला पोच घेऊन पहार परत केली. बंदोबस्तही बदलला. खांबाला दोन शिपाई पुरले. बाकीचे पाठ करून उभ्या राहणाऱ्यांच्या संरक्षणाला लावले.

अकराला हार घालणाऱ्यांना नुसत्या पाठी दिसत होत्या. बायांच्या, म्हाताऱ्यांच्या, एमआयडीसीतून सुट्टी टाकून आलेल्या कामगारांच्या. "अरे, इकडं बघा की!" एक पुढारी ओरडला. एकही मान वळली नाही. हार घातला गेला, भाषण दोन मिनिटांत आटोपलं.

त्यानंतर खबरीतला शब्द मी दोनदा विचारून घेऊ लागलो. आणि सुव्यवस्था म्हणजे फक्त हार घालणाऱ्यांची सोय, असं समजणाऱ्या वरिष्ठांशी भांडलोही. त्याचा पश्चात्ताप नाही.

पाटी अंगणात उभी आहे. सहा नावं कोरली. सातवी ओळ कोरी आहे. ते नाव जहागिरीच्या जुन्या उर्दू दप्तरात असणार. चाचा वाचून देतील, पण दप्तर मिळायला हवं. माझे तीन अर्ज "आढळ होत नाही" असा शेरा मारून परत आले.

चौथा लिहून ठेवला आहे. सोमवारी द्यायचा आहे.