पंपाच्या कंपनीचा पीई

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा ह्यांनी मुदत ठेवीचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. मी त्याच्या पाठीवर किराण्याची यादी केली. फंड माझा होता, चुकायचं तर मीच चुकणार होते.

आणि चुकले की! पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले त्यामागचा वर्षाचा नफा, एवढंच वाचलं होतं. आकडा लहान, म्हणजे माल स्वस्त. पंप बनवणाऱ्या एका कंपनीचा पीई पाच दिसला आणि सेलमध्ये साडी ओढावी तसे बाईंनी शेअर ओढले.

वर्षात भाव तिसऱ्या हिश्शाने उतरला. तेव्हा कुठे अहवाल उघडला. कंपनीने आदल्या वर्षी कात्रजकडची जमीन विकली होती, नफा त्यानेच फुगला होता. जन्मभर गणित शिकवलं आणि छेद तपासला नाही!

तेवढ्यात धाकटे दीर आले. “वहिनी, पंप विका. मी घेतलीय ती सॉफ्टवेअर कंपनी घ्या, अख्खी सदाशिव पेठ घेतेय.”

“पीई किती?”

“एकशे ऐंशी. पण आता जुनी गणितं चालत नाहीत.”

“म्हणजे नफा आहे तेवढाच राहिला तर पैसे वसूल व्हायला एकशे ऐंशी वर्षं. भाऊजी, तुम्ही थांबा. मला घाई आहे.”

“अगं, ऐक जरा त्याचं,” हे पेपरामागून म्हणाले.

नाही ऐकलं. ब्रोकरकडून दोन्ही कंपन्यांचे जुने अहवाल मागून आणले आणि आलेखाच्या कागदावर एकेका वर्षाचा पीई मांडला. दिरांच्या कंपनीचा सहा वर्षांत वीसवरून एकशे ऐंशीवर गेला होता. नफा तिप्पट, भाव सत्तावीस पट. माझ्या पंपांचा, जमीन वगळून, दहा ते चौदात फिरत आलेला. मी घेतले तेव्हा खरा बारा होता, आता आठ. कागद कपाटाच्या दारावर चिकटवला आणि उरलेल्या फंडाचेही पंपच घेतले. घरात आठवडाभर कुणी माझ्याशी धड बोललं नाही. वरण मात्र सगळ्यांनी मागून घेतलं.

पुढे सॉफ्टवेअरचे भाव कोसळले आणि दिरांनी काही रविवार येणं टाळलं. मीही फार मिरवलं नाही, कारण माझ्या पहिल्या खरेदीचा भाव परत यायला चार वर्षं लागली.

कागद पिवळा पडलाय. हे दोनदा म्हणाले, काढ आता. काढणार नाही. कपाटही माझ्याच पगारातलं आहे.