लाकूड की वीज

बाबा सकाळी गेले. त्यांची सगळी नोकरी घुग्घुसच्या कोळसा खाणीत झाली आणि निवृत्तीनंतर छाती हळूहळू बंद होत गेली. चंद्रपूरच्या दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी होते. नर्सनं मशीन बंद केलं तेव्हा मला रडू आलं नाही. मी त्यांचा चष्मा पुसला, डबीत ठेवला आणि भावाला फोन केला.

दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. बाबा अंगणात होते आणि आत वाद सुरू झाला.

नागपूरहून आलेली धाकटी बहीण म्हणाली, "विजेच्या दाहिनीत नेऊ. बाबा नेहमी म्हणत, माह्यासाठी झाड तोडू नका."

ते खरं होतं. बाबांनी रस्त्याच्या कडेला कडुनिंब लावले होते. ट्रकच्या धुळीनं पानं राखाडी व्हायची, मग ते बादलीभर पाणी घेऊन ती धुवायचे. लोक हसायचे.

भाऊ औष्णिक वीज केंद्रात बॉयलरवर आहे. तो म्हणाला, "वीज कायची बनते इथी? कोळशाचीच ना? मी रोज तेच पाहून राह्यलो. लाकूड वाचवाचं अन् कोळसा जाळाचा, ह्यात पर्यावरण कुठी आलं?"

"झाड तर वाचते ना!"

बाबांचे धाकटे भाऊ, आमचे काका, वडश्याकडच्या जंगलातल्या गावाहून आले होते. ते दाराशी बसूनच म्हणाले, "आमच्याकडं उभं झाड कोण तोडते? वाळून पडलेलं आणतो आम्ही. अन् अग्नी हातानं द्याचा असते बाई, बटन दाबून नाई."

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी थोरली.

"ताई, तू सांग."

त्यांचं बोलणं मला शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखं ऐकू येत होतं. समोरच्या चहावर साय धरली होती, मी तिच्याकडे बघत होते. "विजेनंच करा," मी म्हणाले. बहिणीचं मला पटलं होतं असं नाही. तिच्या वाक्यात बाबांचे शब्द होते, एवढंच. तिरडी उचलली तेव्हा पहिला खांदा मात्र काकांनीच दिला.

दाहिनीपाशी आम्हाला थांबायला सांगितलं. त्या दिवशी बाबांच्या आधी कुणीच आलेलं नव्हतं, भट्टी थंड होती. आम्ही सिमेंटच्या बाकावर बसून राहिलो. बराच वेळ गेल्यावर भाऊ हळूच म्हणाला, "एकामागून एक आले तर भट्टी तापलेलीच राह्यते, वीज कमी लागते. एकट्यासाठी सारीच नव्यानं तापवा लागते."

बहीण रडायची थांबली. "म्हणजे लाकूडच बरं होतं का?"

"तसंही नाई सांगता येत. ट्रॉलीभर लाकूड गेलं असतं. काका आणते ते वाळलेलं, पण इथल्या टालावरचं विकतचं लाकूड कोणत्या जंगलातून आलं असतं, कोणाले माहीत?"

जिंकल्यासारखं तो बोलला नाही. बहिणीनं त्याचा हात धरला. दोघं तसेच बसले. मला वाटलं, आपणही रडावं. मी डोळे मिटून पाहिलं. काही झालं नाही. तेवढ्यात आतून बोलावणं आलं आणि आम्ही उठलो.

दुसऱ्या दिवशी राख गोळा करायला काका सगळ्यांच्या आधी आले. एकेक अस्थी ते बोटांनी वेचत होते, भाताच्या बियाण्यातले खडे काढावेत तशी. परतताना ऑटोत ते माझ्या शेजारी बसले. मी विचारलं, "काका, चुकलं का आपलं?"

ते बाहेर बघतच म्हणाले, "मले नाई समजत बाई. तो असता तर त्यालेच इचारलं असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कालपासून जेवली का?"

मी जेवले नव्हते. घरी आल्यावर त्यांनी स्वतः ताट वाढून आणलं, वरण-भात. मीठ आहे की नाही तेही मला कळलं नाही. ते समोर बसून होते, म्हणून मी सगळं संपवलं.